सातबाऱ्यावर नाव नसलेली कष्टकरी

मधमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक मधाची बाटली आणि दुसरी डंखाची आग. बाटली औषधापुरती घरात ठेवायची आणि पोळे दिसले की दगड मारायचा किंवा टेंभा लावायचा, एवढाच आपला आणि तिचा संबंध राहिला आहे. पण आपल्या ताटातील भाजी, फळे आणि तेल यांच्यामागे या माशीचे कष्ट आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मध हा तिच्या कामाचा लहानसा भाग आहे. तिचे मोठे काम शेतात होते आणि त्या कामाची मजुरी तिने आजवर कोणाकडे मागितलेली नाही. म्हणूनच ते काम कोणाच्या हिशेबात येत नाही.

ज्याच्या कष्टावर पीक उभे राहते त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. तेव्हा या विषयाकडे आपण इतरांपेक्षा अधिक आपुलकीने पाहावे, अशी वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे.

गावाचे आजचे चित्र

मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे सर्व महाराष्ट्राला माहीत आहे. जवळच भंडारा डोंगर आहे, सुधा नदी आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियनही याच गावात आहे. गावाच्या एका अंगाला तळेगाव आणि दुसऱ्या अंगाला चाकण. दोन्हीकडे औद्योगिक वसाहती वाढल्या. रोजगार आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर शेतांचे प्लॉट झाले, रस्ते रुंद झाले आणि बांधावरची जुनी झाडे गेली.

ज्यांना जमीन आहे ते भात, कांदा, भाजीपाला घेतात. ज्यांना नाही ते कंपनीच्या गेटवर उभे राहतात किंवा दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातात. ग्रामसभेत रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांवर हिरिरीने चर्चा होते. मधमाशीचा विषय निघत नाही. निघालाच तर ‘शाळेजवळचे मोहोळ काढून टाका’ एवढाच निघतो. मोहोळ काढले जाते आणि विषय संपतो. परंतु विषय खरा तेथून पुढे सुरू होतो.

नजर लागली नव्हती

आमच्या ओळखीच्या एका मावशींनी परसात लाल भोपळ्याचा वेल लावला होता. वेल कुडावर चढला, पिवळीजर्द फुले आली; पण भोपळा काही धरेना. बोटाएवढी फळे येत आणि पिवळी पडून गळून जात. ‘फुलं लय येत्यात, पण फळ काय टिकत न्हाई. कुणाची तरी नजर लागली बघा,’ असे मावशी म्हणू लागल्या. कुणीतरी त्यांना वेलीवर लिंबू-मिरची बांधायला सांगितले होते. ती बांधूनही झाली होती.

आम्ही सकाळी त्यांच्या परसात गेलो आणि फुले दाखवली. भोपळ्याच्या वेलीवर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. ज्या फुलाच्या खाली लहानसा भोपळा दिसतो ते मादी फूल. नुसत्या बारीक देठावरचे ते नर फूल. नर फुलातील पिवळी पूड, म्हणजे पराग, मादी फुलापर्यंत पोचला तरच फळ धरते. वेल काही चालत जाऊन पराग देणार नाही. हे काम मधमाशी करते. फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात माशी आली नाही तर ते फूल वाया गेले. मावशींच्या शेजारच्या चिंचेवर आग्या मोहोळ असे. ते आदल्या वर्षी पेटवून दिले होते. पलीकडच्या वावरात भाजीपाल्यावर रोज सकाळी औषध मारले जात होते. मग वेलीवर माशी येणार कोठून?

आम्ही मावशींना नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढून आतला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायला शिकवले. त्यांनी आठवडाभर रोज सकाळी तसे केले. पुढच्या पंधरवड्यात वेलीला चार भोपळे धरले. लिंबू-मिरची मावशींनी स्वतःच काढून टाकली.

परसातल्या एका वेलीला हे जमते. सगळ्या शिवाराला कोण पुरे पडणार? चीनच्या सिचुआन प्रांतातील हानयुआन भागात नासपतीच्या बागांवर अशीच वेळ आलेली आहे. औषधांच्या अति फवारणीमुळे तेथे माश्या उरल्या नाहीत, पुरेसा पराग देणारी झाडेही राहिली नाहीत. तेव्हा माणसे काठीला पिसे बांधून, झाडावर चढून, एकेका फुलाला पराग लावू लागली. जे काम माशी फुकट करीत होती त्याला आता मजूर लावावे लागतात.

कोणत्या पिकाला माशी लागते?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मधमाशी नसेल तर सगळेच अन्न संपेल, असे जे बोलले जाते ते खरे नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी यांचे परागीभवन वाऱ्याने किंवा फुलातल्या फुलातच होते. उसाची कांडी लावतात, त्याला माशीची गरज नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला, आपल्याकडे घरोघर शिजणारा इंद्रायणी तांदूळ माशीवाचूनही पिकेल. पोट भरेल, पण ताटात भाताखेरीज काय उरेल, याचा विचार करावा.

काकडी, कारले, लाल भोपळा, कलिंगड, खरबूज यांना माशीवाचून फळ धरत नाही. सूर्यफुलाचे दाणे माशी असली तर चांगले भरतात. आपल्या मावळच्या डोंगरउतारावरची खुरासणी स्वतःच्याच परागाने फळत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाला मिळावाच लागतो. खाण्याचा कांदा आपण बी येण्यापूर्वीच उपटतो, पण त्या कांद्याचे बी ज्या गोंड्यात धरते तो गोंडा माश्यांनीच फळवलेला असतो. बी नसेल तर पुढच्या वर्षीचा कांदा कोठला? सोलापूरकडील डाळिंब बागायतदार बहराच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बागेत ठेवतात. पैसा मोजणाऱ्या माणसाला माशीची किंमत बरोबर कळलेली आहे.

जगभरच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने एक मोठा अहवाल तयार केला. त्यात म्हटले आहे की, जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिके कमी-अधिक प्रमाणात कीटक, पक्षी, वटवाघळे अशा प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. वजनाने पाहिले तर जगातील अन्न उत्पादनापैकी ३५ टक्के उत्पादन या पिकांचे आहे. यात फळे, भाज्या, तेलबिया आणि सुकामेवा येतो. म्हणजेच जीवनसत्त्वे देणारे अन्न येते. माशी कमी झाली तर धान्य रेशनवर मिळेल, पण भाजी-फळे महाग होतील. श्रीमंताला महाग भाजी परवडते. ज्या घरात आधीच भाकरीबरोबर चटणीवर भागवावे लागते, त्या घरातील गरोदर बाईचे आणि वाढत्या पोराचे काय? हा नुसता निसर्गप्रेमाचा विषय नाही, तो आपल्या चुलीचा विषय आहे.

या आपल्या कष्टकरी भगिनी

आपल्याकडे मध देणाऱ्या माश्यांच्या चार जाती मूळच्या आहेत. सर्वांत मोठी आग्या. ती उंच झाड, कडा किंवा इमारतीच्या सज्जाखाली एकच मोठे उघडे पोळे लावते आणि ऋतूप्रमाणे जागा बदलते. ती पेटीत राहत नाही. दुसरी सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, खडकाच्या फटीत, अंधाऱ्या जागेत अनेक समांतर पोळी बांधते. स्वभावाने मवाळ असल्याने ती पेटीत पाळता येते. तिसरी फुलोरी. ती झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे लावते. चौथी अगदी बारीक, डंख नसलेली. भिंतीच्या भोकात राहते आणि मेणाची लहानशी नळी बाहेर काढते. पुष्कळ जण तिला चिलट समजतात. यांखेरीज मेलिफेरा ही युरोपातील जात १९६० नंतरच्या दशकात पंजाब-हिमाचलच्या भागात आणली गेली. ती मध अधिक देते, पण तिची देखभालही अधिक करावी लागते.

पोळ्यातील सर्व काम कामकरी माश्या करतात, आणि त्या सर्व माद्या असतात. कोवळी असताना ती पोळे साफ करते, पिलांना भरवते, मेण काढून पोळे बांधते, दारावर पहारा देते. मग उरलेल्या दिवसांत बाहेर पडून मकरंद आणि पराग गोळा करते. हंगामात तिचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. युरोपीय माशीवरून काढलेला अंदाज असा आहे की, एका माशीच्या आयुष्यभराच्या कमाईतून चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध होतो. फुले कोठे आहेत हे ती पोळ्यावर नाच करून इतर माश्यांना सांगते. नाचाची दिशा आणि वेळ यांवरून त्यांना फुलांची दिशा आणि अंतर कळते. ही भाषा उलगडणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

परंतु परागीभवन म्हणजे केवळ मधमाशी नव्हे. जगात मध साठवणाऱ्या आणि न साठवणाऱ्या मिळून माश्यांच्या २०,००० च्या आसपास जाती आहेत. त्यांतील बहुतेक एकट्या राहतात आणि जमिनीत बिळे करतात. वांगी-टोमॅटोच्या फुलातला पराग नळीत कोंडलेला असतो. भुंगा आणि काही रानमाश्या फुलाला धरून अंग थरथरवतात तेव्हा तो बाहेर पडतो. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. आंब्याच्या मोहोरावर साध्या माश्या मोठे काम करतात. सीताफळाला बारीक भुंगेरे लागतात. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. सुदुंबरे या नावात उंबर ऐकू येतो. त्या उंबराच्या फळात शिरून त्याला पराग देणारी एक चिमुकली गांधीलमाशी असते. ती नसेल तर उंबराला बी धरणार नाही. हे सर्व जण आपापली पाळी सांभाळतात. एकाला मारले की दुसरा त्याचे काम करीलच, असे नाही.

पंप पाठीवर कोणाच्या असतो?

माश्या कमी होण्याची कारणे अनेक आहेत. झाडे तुटली, बांध गेले, डोंगराला वणवे लागू लागले, तणनाशकाने बांधावरची रानफुले जळाली. पण सर्वांत घातक कारण म्हणजे कीटकनाशकाची अविचारी फवारणी. किडीला मारणारे औषध माशीला ओळखत नाही. काही औषधे झाडाच्या अंगात भिनतात आणि मकरंद व परागातून माशीच्या पोटात जातात. ती जागच्या जागी मरत नाही, पण वाट चुकते आणि पोळ्यात परत येत नाही. अशाच कारणांमुळे युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. आपल्याकडे ही औषधे दुकानात मिळतात आणि ‘शेजारच्याने मारले म्हणून मी मारतो’ या हिशेबाने मारली जातात.

आता प्रश्न असा, की हा पंप पाठीवर कोण घेतो? बहुतेक वेळा शेताचा मालक नव्हे, तर रोजाने आलेला मजूर. त्याच्या तोंडाला रुमाल, हातात मोजे नाहीत, पायात चप्पल. डब्यावरची बारीक अक्षरे त्याला कोणी वाचून दाखवीत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो जण इस्पितळात गेले. ही गोष्ट आपण विसरता कामा नये. मावळात गुलाबाची आणि भाज्यांची हरितगृहे आहेत. बंद जागेत फवारणी झाल्यावर आत जाऊन फुले तोडणाऱ्या आपल्याच भगिनी असतात.

जे विष माशीला मारते तेच मजुराच्या श्वासात आणि कातडीत जाते. म्हणून माशीचे रक्षण आणि मजुराचे रक्षण या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. फुलावर आलेल्या पिकावर फवारणी नको, दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र करणे नको, लाल त्रिकोणाच्या डब्याला हात लावण्यापूर्वी मजुराला मोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपडे मिळालेच पाहिजेत. ही मागणी मजुराने संकोच न करता करावी. त्यात माशीही वाचेल आणि मजुराचे लेकरूही पोरके होणार नाही.

मोहोळ पेटवू नका

डोंगरपट्ट्यातील कातकरी, ठाकर बांधव पिढ्यान्‌पिढ्या मध काढत आले आहेत. जुनी पद्धत अशी, की रात्री टेंभा लावायचा, माश्या जाळायच्या आणि संपूर्ण पोळे कापून आणायचे. त्यात अंडी-पिलेही पिळली जातात, मध लवकर आंबतो आणि भाव मिळत नाही. वर्ध्याचे डॉ. गोपाल पालीवाल यांनी आदिवासी मध संकलकांना वेगळी पद्धत शिकवली आहे. संरक्षक पोशाख घालून, फक्त धूर देऊन माश्या बाजूला सारायच्या आणि पोळ्याचा मधाने भरलेला तेवढाच भाग कापायचा. पिलांचा भाग तसाच ठेवला तर माश्या तेथेच राहतात आणि फुलोरा असेल तर पुन्हा मध भरतात. एकदा जाळून एकदाच खाण्यापेक्षा जिवंत ठेवून पुन्हापुन्हा घेणे फायद्याचे आहे. मध काढणाऱ्या गरिबाला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या हाती पोशाख आणि नवे ज्ञान दिले पाहिजे.

गावात आणि नव्या गृहसंकुलांतही मोहोळ दिसले की औषध मारणाऱ्याला बोलावतात. पुण्यात न मारता मोहोळ हलवणारे जाणकार आता मिळतात. शक्य असेल तेथे त्यांना बोलवावे. मोहोळ उंचावर असेल आणि वाटेत येत नसेल तर त्याला हात लावूच नये. फुलोरा संपला की आग्या माशी आपण होऊन जागा सोडते.

कार्ले, भाजे, बेडसे, लेण्याद्री येथील लेण्यांना आपली कुटुंबे सहलीने जातात. अशा कड्याकपारींत आग्या मोहोळ असू शकते. लेण्याद्रीला तर ते पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे फटाके, अगरबत्तीचा धूर, मोठा कर्णा, उग्र अत्तर टाळावे आणि पोरांना दगड मारू देऊ नये. माश्या उठल्याच तर हात न झटकता, डोके-तोंड कपड्याने झाकून, सरळ दूर पळावे आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत राहतात. रुतलेला काटा नखाने खरवडून लगेच काढावा. डंख पुष्कळ असतील, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

जाता जाता एक गोष्ट. धम्मपदाच्या पुप्फवग्गात, मुनीने गावात कसे वावरावे हे सांगताना तथागतांनी फुलाला इजा न करणाऱ्या भ्रमराचाच दाखला दिलेला आहे. लेण्यात जाऊन त्याच माशीवर दगड मारणे आपल्याला शोभत नाही.

जमीन नसली तरी पेटी ठेवता येते

शेळीला चारा लागतो, कोंबडीला दाणा लागतो, म्हशीला गोठा लागतो. मधमाशीच्या पेटीला दीड-दोन फूट जागा लागते आणि माशी चरायला साऱ्या शिवारात जाते. तिला कुंपण अडवत नाही. म्हणून ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही हा जोडधंदा करता येतो.

आपल्याच सह्याद्रीतील महाबळेश्वरच्या परिसराने हे करून दाखवले आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथे आहे. जांभूळ, हिरडा आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी यांच्यावर तेथील सातेरी माशी मध जमवते. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ते लहानसे डोंगरी गाव आहे, तेथे बागायती नाहीत. तरीही गावातील बहुतेक घरे या धंद्यात आहेत. मावळचा डोंगर त्याच रांगेतला आहे. मांघरला जे जमले ते सुदुंबऱ्याला, नाण्याला, पवनेच्या खोऱ्याला का जमू नये?

खादी मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्या व साहित्यासाठी ५० टक्के अनुदान आणि प्रशिक्षण मिळते. वैयक्तिक मधपाळ होण्यासाठी अर्जदार साक्षर आणि १८ वर्षांवरील असावा लागतो. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. सुदुंबऱ्याहून सकाळी निघालेला माणूस चौकशी करून संध्याकाळी घरी येऊ शकतो. इतक्या जवळ असलेली सोय आपल्या तरुणांना माहीत नसावी, ही खेदाची गोष्ट आहे.

मात्र कोणी लगेच श्रीमंतीची स्वप्ने पाहू नयेत. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाकाठी साधारण पाच ते आठ किलो मध मिळतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे, जमेबरोबर खर्चाची बाजूही सांगणे आमचे काम. पावसाळ्यात फुले नसतात तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, नाहीतर सातेरी पेटी सोडून जाते. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात. मेणकिड्यावर लक्ष ठेवावे लागते. रोगही येतात. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. म्हणून प्रशिक्षण न घेता, कोणाच्याही ऐकीव माहितीवर पेट्या विकत घेऊ नयेत. बचत गटाच्या चार-पाच भगिनींनी मिळून दोन पेट्यांपासून सुरुवात करावी, एक वर्ष शिकावे आणि मग वाढवावे.

आपण काय करू शकतो?

ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनी पीक फुलात असताना फवारणी टाळावी. करावीच लागली तर माश्या परतल्यावर, सूर्य मावळताना करावी. आधी निंबोळी अर्कासारखे सौम्य उपाय करून पाहावेत. बांधावर तणनाशक मारू नये. बांधाला मोहरी, तीळ, सूर्यफूल, झेंडू यांची एखादी ओळ लावावी.

ज्यांच्याकडे परस किंवा गच्ची आहे त्यांनी तुळस, शेवगा, कढीपत्ता लावावा. उन्हाळ्यात पसरट थाळीत पाणी आणि त्यात खडे ठेवावेत. खड्यांवर बसून माशी पाणी पिते, बुडत नाही. अंगणाचा प्रत्येक इंच फरशीने झाकू नये, थोडी मोकळी माती रानमाश्यांसाठी ठेवावी. मुलांना वीतभर लांबीच्या, एका टोकाला पेर असलेल्या पोकळ बांबूच्या नळ्यांची जुडी करून वळचणीला बांधायला सांगावे. एकट्या राहणाऱ्या माश्या त्यात घर करतात आणि ते पाहण्यात मुलांचा वेळ टीव्ही-मोबाइलपेक्षा चांगला जातो.

ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही त्यांच्याकडे ग्रामसभेतला आवाज आहे. गायरान, शाळा, स्मशान आणि विहार यांच्या आवारात करंज, जांभूळ, कडुनिंब, बोर, काटेसावर, पळस अशी झाडे लावण्याचा ठराव मांडावा. वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी झाडे निवडावीत, म्हणजे माशीला उपासाचे दिवस कमी येतील. वणवा लावणाऱ्याला अडवावे. फवारणी करणाऱ्या मजुराला संरक्षणाचे साहित्य मिळते की नाही, हा प्रश्न त्याच सभेत विचारावा. दरवर्षी २० मे हा जागतिक मधमाशी दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली तो जाहीर केला. त्या दिवशी भाषणे आणि हार-तुरे यांपेक्षा एक झाड आणि एक ठराव झाला तरी पुरे.

मधमाशी मोर्चा काढत नाही, निवेदन देत नाही, मतही देत नाही. तिच्या वतीने बोलणारे कोणी नाही. ज्यांच्या वतीने एके काळी बोलणारे कोणी नव्हते, त्यांना तिची बाजू मांडणे अवघड जाऊ नये. येत्या ग्रामसभेची तारीख चावडीवर लागली असेल. ती पाहून यावे आणि आपला विषय लेखी देऊन ठेवावा.